हॉल्ट सात

लोणावळ्यात कॉम्प्युटर आला तो, इथे येणारे बाकीचे सगळे येतात त्याच कारणासाठी: हवापालटासाठी. इंद्रायणी गणक सेवा या कंपनीच्या मुंबईच्या मालकांना कुणीतरी सांगितलं होतं की या यंत्राला गारवा लागतो. मुंबईत गारवा विकत घ्यावा लागतो आणि लोणावळ्यात तो फुकट मिळतो, एवढं मालकांना आपलं आपण सुचलं. मग तुंगार्लीच्या रस्त्यावरचा एक पारशी बंगला भाड्याने घेतला, दिवाणखान्यातलं बिलियर्डचं टेबल मागच्या पडवीत ढकललं आणि त्या जागी मशीन बसवली. पहिल्याच जुलैत कळलं की इथला गारवा ओला असतो. मशीनला माहिती पुरवायची ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून. ती कार्डं फुगली आणि मशीनच्या घशात अडकायला लागली. तेव्हापासून कार्डांच्या कपाटात बारा महिने शंभरचा दिवा जळत असे. फुकटच्या हवेवरचा उतारा म्हणून.

या बंगल्यात महिपती शेलार प्रोग्रामर होता. टाकवे बुद्रुकच्या शेलारांचा थोरला, गणितात एम.एस्सी. त्याच्या नोकरीबद्दल गावात दोन मतं होती. चुलते अंबाजी सांगत, पोरगा लोणावळ्याला सिनेमाची मशीन चालवतो. आई सांगे, काम सरकारी हाय, पन बोलायची बंदी हाय. महिपतीने दोन्ही समजुती तशाच राहू दिल्या होत्या. खरं सांगितलं असतं तर लग्न जमणं आणखी अवघड झालं असतं.

त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर जुनी मशीन गेली आणि नवी आली. जुनीसाठी सहा वर्षांत दोनेकशे प्रोग्राम लिहिले गेले होते. ते नवीसाठी पुन्हा लिहायचे म्हणजे आणखी सहा वर्षं. म्हणून नवीलाच जुनीचं सोंग घ्यायला शिकवायचं ठरलं. प्रोग्रामला वाटावं, आपण जुन्याच मशीनवर चालतोय. हे सोंग उभं करायचं काम महिपतीकडे होतं, आणि पंचिंगच्या मुलींना, म्हणजे कार्डांना भोकं पाडणाऱ्या मुलींना, त्याने ते एकदा समजावलंही होतं.

"गावात बहुरूपी येतो बघा, फौजदार होऊन. टोपी, पट्टा, छडी, सगळं असतं. दरडावतो, नावगाव विचारतो. लहान पोरं खरंच घाबरतात. तसंच हे."

"आन कुनी खरंच चोर धरून आनला त्याच्याम्होरं, तर वो दादा?" चंपाने विचारलं होतं.

मुली हसल्या. महिपती हसला नाही. चार महिने त्याला नेमका हाच प्रश्न छळत होता.

जुन्या मशीनला एकशे सहा कामं येत. नवीला सोंगात त्यातली नव्व्याण्णव जमली. सात जमेनात. त्यात दोष कुणाचा नव्हता. ते तिच्या अंगातच नव्हतं. प्रश्न एवढाच होता, की अशा न येणाऱ्या कामाशी गाठ पडली तर मशीनने थांबून काय सांगायचं? मशीन थांबली की शेजारच्या टाइपरायटरवर आपोआप 'हॉल्ट' आणि पुढे एक आकडा उमटे. आकड्यांचे अर्थ लिहिलेला तक्ता भिंतीवर होता. सात: कार्ड चुकीचे. अकरा: कागद संपला. तेवीस: पुन्हा प्रयत्न करा. महिपतीने या सात कामांसाठी नवा आकडा काढला, चाळीस. अर्थ: हे काम या मशीनला येत नाही.

कागद मंजुरीसाठी मॅनेजर सीतारामपंतांकडे गेला. सीतारामपंत पुण्याचे, आधी एका विमा कंपनीत वीस वर्षं काढलेले. माणूस अत्यंत गोड. नकार म्हणून त्यांच्या तोंडून कधी आला नाही. त्याऐवजी ते "पाहू" म्हणत, आणि समोरचा आभार मानून जाई.

"येत नाही?" त्यांनी मोठ्याने वाचलं. "असं कसं लिहिता, शेलार? गिऱ्हाइकांना आपण लेखी दिलंय, जुनीची सगळी कामं नवी करील."

"करते ना साहेब. सात सोडून."

"ही सात लागतात कुणाला?"

"क्वचित. वर्षातून एखाद्या प्रोग्रामला."

"मग क्वचितसाठी कायमची शोभा कशाला? दर महिन्याला हॉल्टचा तक्ता गिऱ्हाइकांकडे जातो. त्यात चाळीस दिसला की पहिला फोन मुंबईला." त्यांनी चष्मा पुसला. "तेवीस द्या. पुन्हा प्रयत्न करा. ऐकायलाही सभ्य वाटतं."

रजेच्या अर्जावर सही हवी म्हणून सोपान दारात उभा होता. सोपान मशीनवरचा ऑपरेटर, आंबीचा. त्याला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून तो बोलला.

"तेवीस नगा दिऊ साहेब. तेवीस आला की मी कार्ड पुन्यांदा घालतो. की परत तेवीस. की परत घालतो. मी रिटायर हुईस्तवर घालीतच बशीन."

"बरं, मग सात," सीतारामपंत म्हणाले. "सात आला की काय करतोस?"

"पंचिंगला माघारी देतो. पोरी दुरुस्त करत्यात."

"बघा. कुठे काही अडत नाही."

"पण कार्ड बरोबर असेल, साहेब," महिपती म्हणाला. "बरोबर कार्डाला चुकीचं म्हणायचं?"

"मशीनला जे चालत नाही, ते मशीनपुरतं चुकीचंच की हो."

"न्हाई येत म्हनायला काय जातंय, म्हनतो मी," सोपान पुटपुटला. "माझी बायकू रोज म्हनती. तिचं काय अडलंय?"

सीतारामपंत मनापासून हसले आणि त्यांनी सोपानच्या रजेवर 'पाहू' असं लिहिलं. मग घरच्यांची ख्यालीखुशाली विचारावी त्या आवाजात म्हणाले, "शेलार, तुमचं कायम व्हायचं पत्र एप्रिलमध्येच निघायचंय ना?"

महिपतीने चाळीस खोडून सात लिहिला. मनाचं समाधान म्हणून मार्गदर्शिकेच्या एकशे बाराव्या पानावर, तळटीपेत, इंग्रजीत, त्याने खरी हकीकत नोंदवून ठेवली. ती मार्गदर्शिका वाचणारा त्या बंगल्यात एकच माणूस होता, आणि त्यानेच ती लिहिली होती.

चंपा उंबरवाडीची. वरच्या खोऱ्यातली ही चौदा घरांची ठाकरवाडी. चंपा मॅट्रिकपर्यंत शिकलेली, आणि कंपनीने तिला घेतलं ते एका फोटोसाठी. कंपनीच्या पुस्तिकेत 'डोंगरातली कन्या आणि विसाव्या शतकाचे यंत्र' असा तो फोटो छापला होता. फोटो काढून झाल्यावर तिला काढून टाकायचं राहून गेलं, आणि मग तिचा हात एवढा बसला की अकरा मुलींत तिच्या चुका सगळ्यात कमी निघू लागल्या. चुकांचा हिशेब ठेवायला पंचिंगच्या खोलीत एक काळा फळा होता. त्यावर चंपाच्या नावापुढे बहुधा काहीच नसे.

चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये खोऱ्यातल्या धरणाचं काम आलं. बुडणाऱ्या गावांतल्या एकोणीसशे कुटुंबांची यादी छापायची होती. कुणाला जमीन, कुणाला फक्त घरापुरती जागा. प्रोग्राम जुनाच होता, आधीच्या एका धरणाच्या वेळचा. धरणं वेगळी असली तरी उठवायची पद्धत एकच, त्यामुळे तो पुन्हा चालण्यासारखा होता.

"लीलाबाई, उंबरवाडीचं पान मला द्या," चंपा म्हणाली. लीलाबाई पंचिंगच्या मुख्य.

"का गं? तिथल्या भोकांना जास्त पगार हाय व्हय?"

"माझ्या आबाचं नाव हाय त्यात."

बापाचं नाव नवशा. इंग्रजी अक्षरांत, भोकांच्या लिपीत, ते तिने पाडलं आणि कार्ड खिडकीशी धरून उजेड त्यातून येतो का पाहिलं. मग चुलता शिदू, मग बायडाबाई, मग सावळा. चौदाही घरांच्या नावावर जमीन नव्हती. घरं दुसऱ्याच्या बांधाला टेकलेली. कायद्याने त्यांना शेत मिळणार नव्हतं, फक्त घरापुरता तुकडा. तोही यादीत नाव आलं तरच. जूनमध्ये पाणी चढणार होतं. नवशाने बाजाराच्या दिवशी बंगल्याच्या फाटकाशी येऊन बजावलं होतं, "बाकी काय बी द्येवोत न द्येवोत. यादीत नाव याया पायजे, पोरी. न्हायतर पाय टेकायला जागा न्हाई."

जमीन नसलेल्यांच्या कार्डाची एक खूण होती. गट नंबराच्या जागी शून्य, आणि त्याच रांगेत शून्याच्या डोक्यावर आणखी एक भोक. त्याचा अर्थ, जमीन नाही पण घर आहे. डोक्यावरचं भोक दिसलं की जुनी मशीन ते कार्ड अलगद घरजागेच्या यादीत नेऊन ठेवी. त्या एकशे सहा कामांतलं हे एक. न जमलेल्या सातांतलंही हे एक.

खोऱ्यात अशी कुटुंबं चौदाच होती. बाकीच्या सगळ्यांच्या नावावर निदान वीतभर तरी होतं.

शुक्रवारी सकाळी मशीन थांबली. हॉल्ट सात. सोपानने कार्ड काढून बाजूला ठेवलं, पुढची चालवली, पुन्हा सात. दुपारपर्यंत चौदा कार्डं घेऊन तो पंचिंगच्या दारात आला.

"चंपे, आज काय भांग पिऊन आलीस का? चौदाच्या चौदा गेली."

"दावा इकडं." तिने ती कागदाशी ताडून पाहिली. "बराबर हायती."

"मला नगं सांगू. मशीन सात म्हनती."

तिने चौदाही पुन्हा पाडली. पुन्हा सात. तिसऱ्यांदा पाडली, एकावर एक ठेवून खिडकीशी धरली. भोकात भोक बसत होतं. पुन्हा सात. लीलाबाईंनी फळ्यावर चंपाच्या नावापुढे बेचाळीस लिहिले. दोष लिहिण्यात त्या कधी आळस करत नसत.

चंपा कार्डं घेऊन महिपतीच्या टेबलापाशी आली तेव्हा सीतारामपंत तिथेच खुर्ची ओढून बसले होते.

"दादा, ह्यात काय चुकलंय ते सांगा. माझं मला घावंना."

महिपतीने वरचं कार्ड हातात घेतलं. शून्य, डोक्यावर भोक. पाहताक्षणी कळलं. चूक काढावी असं त्यात काही नव्हतं; तसं सांगायला चार शब्द पुरले असते. पण ते चार शब्द म्हणजे चाळीस. सीतारामपंत त्याच्याकडे मायेने पाहत होते.

"बघतो," महिपती म्हणाला.

"कवा? सोमवारी यादी जायचीय."

"बघतो म्हटलं ना."

ती गेली. "हुशार मुलगी," सीतारामपंत म्हणाले, "पण अलीकडे लक्ष नसतं वाटतं."

महिपतीने ठरवलं, सोमवारी सकाळी लवकर येऊन ही चौदा नावं वेगळ्या छोट्या प्रोग्रामने काढायची आणि यादीला गुपचूप जोडायची. शनिवारी त्याला पुण्याला मुलगी बघायला जायचं होतं. असं गुपचूप करायचं काम कुणाला सांगून जाण्यासारखं नव्हतं, म्हणून तो न सांगता गेला.

शनिवारी चंपाने बसून एकेक गोष्ट बदलून पाहिली. नावातलं अक्षर कमी केलं. सात. गावाचा नंबर सोडला. सात. शेवटी शून्याच्या डोक्यावरचं भोक वगळलं. मशीन कार्ड गिळून पुढे गेली.

"लीलाबाई, पन कागदावर ती खून हाय."

"कागद काय म्हणतो आणि मशीन काय म्हणती, कुणाचं ऐकायचं? काढ ते भोक. बेचाळीसचे छप्पन्न करायचेत का?"

शाळेपासून चंपाने एक शिकलं होतं. वहीवर लाल फुली आली की चूक आपली असते. फुली मारणाऱ्याला कुणी विचारत नाही. तिने चौदा कार्डं नव्याने पाडली, बापाचं सगळ्यात शेवटी. मशीन एकदाही अडखळली नाही. सोपानने समाधानाने हात झटकले. सीतारामपंतांनी यादी शनिवारी दुपारीच, म्हणजे दोन दिवस आधी, धरणखात्याच्या जीपने रवाना केली आणि सगळ्यांना बटाटेवडे मागवले. चंपाने दोन खाल्ले.

सोमवारी लवकर आलेल्या महिपतीने यादीची प्रत उघडली. शेवटच्या पानावर तळाला एक ओळ होती: वगळलेली कार्डे, चौदा. भोक नसलेल्या शून्याचा अर्थ प्रोग्रामला ठाऊक होता. जमीन नाही, घरही नाही. असा माणूस बुडत नाही, म्हणून तो यादीत येत नाही.

त्याने चंपाला मागच्या पडवीत, बिलियर्डच्या टेबलापाशी बोलावलं आणि सांगितलं. शून्यावरचं भोक मशीनला वाचता येत नाही, इथपासून वगळलेल्या चौदांपर्यंत.

 चंपा म्हणाली, "म्हंजे कार्डं बराबर व्हती."

"हो."

"पयल्यांदा पाडली तीबी?"

"तीच बरोबर होती."

"मग मशीननं तसं का न्हाई सांगितलं? येत न्हाई मला, म्हनायचं की."

"तसा आकडा ठेवला नव्हता."

"कुनी?"

महिपतीने टेबलाच्या हिरव्या कापडावरची धूळ बोटाने पुसली. "मी," तो म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं. फक्त अर्धं सांगायचं राहिलं. तेवढ्या कबुलीनेसुद्धा त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची थोडी लाजही वाटली.

"हरकतीला पंधरा दिस हायती," चंपा म्हणाली. "मी आबाला घिऊन धरनाच्या छावनीवर जाते. तुमी हे येका कागदावर लिवून द्या."

"कागद नको. कागदाला कंपनीचा शिक्का लागतो, तो साहेबांकडे असतो." त्याने आवाज खाली आणला. "तू तिथल्या कारकुनाला इथे फोन लावायला सांग. मी सांगतो त्याला, कार्डं बरोबर होती म्हणून. फोनवर."

"सांगाल?"

"अगं, सांगतो म्हणजे काय."

"आबाला मी अजून काय बोलले न्हाई. तुमच्याच तोंडनं ऐकू दे त्यास्नी." आणि तिने पहिल्यांदा पाडलेली चौदा कार्डं फळ्याखालच्या टोपलीतून शोधून रुमालात बांधली.

गुरुवारी सकाळी साडेअकराला फोन आला. त्या वेळी सीतारामपंत दोन पाहुण्यांना मशीन दाखवत होते. पुण्याच्या एका मोठ्या कारखान्याचे लोक, नवं गिऱ्हाईक व्हायच्या बेतात असलेले. "आणि हे आमचे शेलार," सीतारामपंत सांगत होते, "सगळं यांनीच केलंय. जुनीची झाडून सगळी कामं." फोन मशीनच्याच खोलीत होता, भिंतीवरच्या तक्त्याखाली. सोपानने तो उचलून महिपतीकडे दिला.

"मी रखमाजी बोलतो, धरणाच्या छावणीतून," पलीकडचा कारकून म्हणाला. आवाज थकलेला पण माणूस सरळ. "हितं तुमच्याकडची पोरगी आलीय, बाप हाय, आन एक म्हातारी हाय. कार्डं आणल्यात बांधून. मला काय त्यातलं वाचता येत न्हाई. ती म्हणती तुमाला इचारा. हे बघा साहेब, भानगड मोठी न्हाई. तुमी निस्तं म्हणा कार्डं बरोबर होती, मी आत्ता हातानं चौदा नावं यादीला लावतो. वरचे साहेब बसलेत, सही बी होतीय."

पाहुण्यांपैकी एकजण मशीनवर प्रेमाने हात फिरवत होता. सीतारामपंत बोलायचे थांबले होते आणि मान किंचित तिरकी करून महिपतीकडे पाहत होते, तोच गोड चेहरा.

"हॅलो? ऐकताय न्हवं? काय झालं होतं कार्डांचं?"

"मशीनने हॉल्ट दिला होता," महिपती म्हणाला.

"म्हंजे?"

"हॉल्ट सात."

"आता सात म्हंजे काय, मला काय म्हाईत साहेब? सोपं करून सांगा."

तक्ता डोक्यावरच होता. तो महिपतीला पाठ होता, तरी त्याने वर पाहिलं, जणू आपण नुसतं वाचून दाखवतोय.

"कार्ड चुकीचं," तो म्हणाला.

पलीकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, पण फोन बंद झाला नव्हता. रखमाजी खोलीतल्या कुणाशी तरी बोलत होता. "ऐकलं का, तुझ्याच हापिसातले सांगत्यात. कार्ड चुकीचं म्हणून." मग एक म्हाताऱ्या बाईचा आवाज, काय म्हणाली ते कळलं नाही. मग नवशाचा, अगदी स्पष्ट: "म्हंजे आपल्या पोरीच्याच हातनं झालं म्हना, भाऊ."



"व्हय आबा," चंपा म्हणाली. "माझ्याच हातनं."

महिपतीने फोन ठेवला. पाहुण्यांनी चौकशीच्या नजरेने पाहिलं तेव्हा सीतारामपंतांनी सफाईने विचारलं, "काय हो शेलार, काही विशेष?"

"नाही साहेब. एका कार्डाची चौकशी होती."

"चौदा," मशीनपाशी उभा असलेला सोपान म्हणाला.